जुन्या आऊटबोर्डची गिअर केबल सेट करताय? आधी न्यूट्रल शोधा

मे संपत आला की आमच्या मालवणजवळच्या देवबाग-तारकर्ली पट्ट्यात बोटी वर ओढायची घाई सुरू होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, पर्यटकांच्या फेऱ्या पण बंद, मग बोटीच्या मागे लावलेलं आऊटबोर्ड मशीन उतरवून पडवीत आणून ठेवायचं आणि सगळी दुरुस्ती पावसात करायची असा बेत असतो. पण गिअर केबलचं काम पडवीत होत नाही, कारण केबलचं एक टोक मशीनमध्ये आणि दुसरं बोटीतल्या कंट्रोल बॉक्समध्ये, दोन्ही जागच्या जागी असतील तरच ती नीट सेट होते. म्हणून मी हे काम मशीन उतरवायच्या आधी उरकतो, केबल बदलायला झालीय असं लक्षात आलं तर नवी मागवायला मध्ये दोन महिने पण मिळतात.

मी जे सांगतोय ते जुन्या टू-स्ट्रोक मशीनबद्दल, आमच्याकडे बहुतेक जण चालवतात ती यामाहा ४० एचपी, रिमोट कंट्रोलवाली, म्हणजे स्टिअरिंगशेजारी बॉक्स आणि त्यातून दोन केबल मागे गेलेल्या, एक थ्रॉटलची आणि एक गिअरची. ज्यांचं मशीन हँडलवालं आहे, बाजूलाच गिअरचा दांडा असलेलं, त्यांच्याकडे केबल नसते, थेट दांडीने गिअर पडतो, तरी खालच्या रॉडबद्दल पुढे लिहिलंय तेवढं त्यांनीही वाचा.

आधी माझ्यावर काय वेळ आली ते सांगतो, कारण अख्खी पद्धत मी त्यातूनच शिकलो. काही वर्षांपूर्वी सीझनच्या मध्यात एका वर्कशॉपमधून पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, बदलून आणला. मशीन लावलं, स्टार्ट केलं, फॉरवर्ड झकास, रिव्हर्स पडेचना. दुसऱ्या दिवशीचं बुकिंग होतं, म्हणून मी कव्हर उघडलं, केबलच्या टोकाचा जॉईंट काढला, चार-पाच फेरे फिरवला, परत लावला, आणि रिव्हर्स पडायला लागला. मी खूश. तीन आठवडे बोट चालली. अधूनमधून फॉरवर्डमध्ये एखादा ठोका यायचा, मी म्हणायचो पंख्याला (प्रोपेलरला) पिशवी लागली असेल. मग एक दिवस कर्लीच्या मुखाशी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, सुकती (ओहोटी) लागलेली, समोरून लाटा, बोटीत दोन लहान मुलं धरून आठ माणसं, आणि थ्रॉटल दिल्यावर गिअर सुटला. मशीन नुसतंच किंचाळायला लागलं आणि बोट आडवी व्हायला लागली. थ्रॉटल मागे, परत फॉरवर्ड, परत सुटला. माझ्या भावाने पुढून नांगर टाकला म्हणून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लाटेच्या तोंडाला राहिली आणि आम्ही वाचलो. त्या मुलांच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

संध्याकाळी आमच्या वाडीतल्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांनी मी केबल फिरवल्याचं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "झिला, रिव्हर्स मेळलो म्हणान फॉरवर्ड घालवलंस. न्यूट्रल खंय आसा ता आधी बघूक होया होता." दोन दिवसांनी गिअर केस उघडली तेव्हा त्यांनी आतला डॉग, म्हणजे गिअर अडकवणारा दातांचा तुकडा, काढून रॉकेलमध्ये धुतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बोटाएवढ्या जाडीचे दात, एका बाजूच्या दातांच्या कडा अजून काटकोनात, नख अडकेल अशा, आणि फॉरवर्डच्या बाजूच्या कडा नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत, चकचकीत. तीन आठवड्यांत एवढं झालं होतं. चार-पाच फेऱ्यांची किंमत ती.

आता हे का होतं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं पाठांतर होईल. खालच्या गिअर केसमध्ये उभ्या शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन असतो, आणि त्याला दोन गिअर कायम लागलेले असतात, एक फॉरवर्डचा एक रिव्हर्सचा. मशीन चालू असलं की दोघेही फिरत असतात, एकमेकांच्या उलट्या दिशेने, पण पंख्याच्या शाफ्टवर मोकळे. त्या दोघांच्या मधे शाफ्टवर सरकणारा तुकडा म्हणजे डॉग, म्हणजे डॉग क्लच. तो पुढे सरकला की फॉरवर्डच्या गिअरच्या खाचांत दात अडकवतो, मागे सरकला की रिव्हर्सच्या, मधे उभा असला की न्यूट्रल. मोटरसायकलसारखा हळूहळू धरणारा क्लच यात नाही, एक तर दात पूर्ण बसतात नाहीतर नाही. म्हणूनच अर्धवट बसलेला गिअर हा अजिबात न पडलेल्या गिअरपेक्षा वाईट, कारण सगळा जोर दातांच्या नुसत्या टोकांवर येतो, टोकं झिजून गोल होतात, आणि गोल झालेला दात जोर आला की स्वतःहून घसरून बाहेर येतो. एकदा गोल झाला की मग केबल कितीही छान सेट करा, तो सुटणारच.

आणि केबल काय करते, तर डॉगला पुढे-मागे ढकलण्यासाठी वरचा लिव्हर हलवते. सायकलच्या ब्रेकची केबल फक्त ओढते, ही ओढते पण आणि ढकलते पण. लिव्हरचा पुढचा, मधला आणि मागचा असे तीन मुक्काम ठरलेले आहेत आणि केबल तुम्ही लांब किंवा आखूड केली की तिन्ही एकदम सरकतात. एका बाजूला जेवढं कमावलं तेवढंच दुसऱ्या बाजूला गमावलं. मी नेमकं तेच केलं होतं. म्हणून सेटिंग न्यूट्रलपासून सुरू करायचं, जो गिअर पडत नाही त्याच्यापासून नाही.

कामाला लागायच्या आधी केबलवर खापर फोडायचं की नाही ते ठरवा. मशीनकडचं टोक पिनवरून काढा आणि कंट्रोलचा दांडा नुसता पुढे-मागे करून बघा. मोकळ्या केबलला पण दांडा जड लागत असेल तर दोष केबलमध्ये किंवा बॉक्समध्ये. मग बॉक्सकडचं टोक पण काढून केबलची आतली तार हाताने सरकवून बघा, तरी जड म्हणजे केबल संपली. आपल्या खाऱ्या हवेत आऊटरला, म्हणजे केबलच्या बाहेरच्या आवरणाला, कुठेतरी चीर पडते, पाणी आत शिरतं, गंज धरतो आणि आऊटर फुगतो. तेल सोडून, ग्रीस कोंबून चार दिवस हलकी वाटेल, मी पण हे करून बघितलंय, मग भर सीझनमध्ये ती अडकते. अशी केबल सेट करत बसू नका, बदला. नवी टाकताना तिला कुठेही ८ इंचांपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका, कोपऱ्यातून दाबून नेलेली केबल पहिल्या दिवसापासून जड चालते.

दुसरी गोष्ट, गिअर ऑइल बघा. खालचा स्क्रू काढून थोडं तेल बाहेर येऊ द्या. दुधाळ चहासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय, सील गेलंय. तेलात चमचमणारा चुरा असेल किंवा स्क्रूला लोखंडाचे बारीक तुकडे चिकटलेले असतील तर डॉग किंवा गिअर झिजलाय, आणि मग केबल हा तुमचा प्रश्नच नाही. थोडी राखाडी पेस्ट असतेच, तिला घाबरू नका, पण बोटांत टोचणारा तुकडा निघाला तर आधी केस उघडा.

आणि तिसरी, ज्यात मी फसलो ती. इम्पेलर बदलायला गिअर केस खाली उतरवावी लागते आणि त्यासाठी गिअरचा उभा रॉड मधून सोडावा लागतो. बऱ्याच लहान-मध्यम मशीनमध्ये वरचा आणि खालचा रॉड आट्यांच्या जोडाने एकमेकांत बसवलेले असतात, वर चेकनट, म्हणजे जोड फिरू नये म्हणून आवळलेला नट. परत जोडताना तो जोड दोन-तीन फेरे इकडे तिकडे झाला की वरचा लिव्हर न्यूट्रलला आणि खालचा डॉग एका बाजूला कललेला, असं होतं. इम्पेलरच्या कामानंतर गिअरचा त्रास सुरू झाला असेल तर केबलला हात लावू नका, तो रॉडचा जोड बघा. खाली न्यूट्रल आणि वर न्यूट्रल जुळले की मग केबल. सोडायच्या आधी जोडाचे किती आटे दिसतात ते मोजून फोटो काढून ठेवला तर ही वेळच येत नाही.

चला, आता मुख्य काम. सामान फार लागत नाही, १० नंबरचा पाना, नोजप्लायर, पेंट मार्कर, पट्टी, मरीन ग्रीस आणि दोन नव्या स्प्लिट पिना. जुनी पिन सरळ करून परत वापरायची सवय आपल्याकडे फार आहे, दोन रुपयांची वस्तू आहे हो, गंजलेली पिन वाकवली की तुटायला टेकलेलीच असते आणि ती गळाली की जॉईंट पिनवरून सुटतो, मग गिअर आहे तिथेच अडकतो, फॉरवर्डला असेल तर फॉरवर्डलाच, आणि तुम्ही जेटीकडे चाललेले असता.

एकट्याने करू नका. एक माणूस पंख्याकडे हवा आणि एक कव्हरपाशी. पंख्याला कोणाचाही हात लागायच्या आधी चावी काढून खिशात, किल स्विचची (मशीन लगेच बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप काढलेली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली आणि प्लगच्या टोप्या काढलेल्या, हे सगळं पाहिजे. यातलं एक केलं की बाकीचं नको असं मानू नका, माझा पुतण्या पंखा धरतो आणि मला त्याची बोटं मोजलेली दहाच्या दहा परत हवी आहेत. मशीन खाली उभं ठेवा, टिल्ट करून नाही, आणि स्टिअरिंग सरळ.

कव्हर काढलं की गिअर केबल कुठे लागलीय ते दिसेल. यामाहात केबलच्या टोकाला आट्यांवर एक जॉईंट फिरवलेला असतो, त्याच्या मागे चेकनट, आणि जॉईंट लिव्हरच्या पिनवर बसून वॉशर आणि क्लिप किंवा स्प्लिट पिनने अडकवलेला. जुन्या जॉन्सन, एव्हिनरूड, मर्क्युरीत वेगळं असतं, तिथे टोक फिरवत नाहीत, केबलच्या अंगावर पितळी गाठीसारखा बॅरल असतो तो आट्यांवर पुढे-मागे करून खोबणीत बसवतात. हात वेगळा, हिशोब तोच. गिअरची कुठली आणि थ्रॉटलची कुठली ते नक्की करून घ्या, कोणालातरी कंट्रोलचा दांडा हलवायला सांगा, न्यूट्रलमधून निघताना पहिली जी हलते ती गिअरची. काढायच्या आधी मोबाईलवर दोन फोटो.

आता केबल पिनवरून काढून बाजूला ठेवा आणि मशीनचा लिव्हर हाताने फिरवा. इथे मार्कर लागतो. पुतण्याला सांगायचं, पंखा हळूहळू फिरवत राहा, थांबू नको. डॉगचे दात आणि गिअरच्या खाचा समोरासमोर आल्याशिवाय गिअर पडत नाही, म्हणून बंद मशीनवर गिअर टाकताना पंखा फिरवावाच लागतो, नाहीतर जोर लावून लावून तुम्ही दांडी वाकवाल. पंखा फिरत असताना लिव्हर न्यूट्रलमधून फॉरवर्डकडे अगदी सावकाश न्या. एका जागी टक टक टक असा आवाज सुरू होईल, पुतण्याच्या हाताला पण लागेल. दातांची टोकं एकमेकांना घासायला लागली. तिथेच थांबा, लिव्हरवर आणि मागच्या न हलणाऱ्या भागावर एकाच रेषेत खूण करा. परत न्यूट्रलला या आणि तसंच रिव्हर्सकडे जा, टक टक आली की दुसरी खूण. या दोन खुणांच्या बरोब्बर मधोमध तुमचं खरं न्यूट्रल. पट्टी लावून मोजा, डोळ्याने नको. बऱ्याच मशीनमध्ये कंपनीनेच तिथे एक रेघ किंवा टोक दिलेलं असतं, पिन त्याच्यासमोर आली की न्यूट्रल. तुमचा मध्य आणि कंपनीची खूण जुळली तर खालचा रॉड बरोबर आहे. जुळत नसतील, फरक चांगला दिसण्याइतका असेल, तर परत वर जा आणि रॉडच्या जोडाचा परिच्छेद वाचा, केबल लावू नका अजून.

तेवढ्यात आणखी दोन खुणा करून घ्या. पंखा फिरवत लिव्हर फॉरवर्डला पूर्ण आत जाईपर्यंत न्या, पुढे जायचा थांबतो तिथे खूण, तसंच रिव्हर्सला. पूर्ण पडलेला गिअर कसा ओळखायचा, तर पंखा हाताने फिरवून. फॉरवर्डमध्ये काही मशीनचा पंखा एका बाजूला टकटकत फिरतो आणि दुसऱ्या बाजूला घट्ट अडकतो, रिव्हर्समध्ये बहुतेक दोन्हीकडे अडकतो. न्यूट्रलमध्ये दोन्ही बाजूंना मोकळा, एकही टक नाही. आता लिव्हरजवळ तुमच्याकडे फॉरवर्ड, न्यूट्रल आणि रिव्हर्स या तीन पक्क्या खुणा आहेत, आणि त्या केबलने नाही, मशीनने सांगितलेल्या आहेत. यापुढे केबलचं काम फक्त या तीन खुणांपर्यंत पोचायचं.

लिव्हर न्यूट्रलच्या खुणेवर आणा. बोटीतल्या कंट्रोलचा दांडा पण न्यूट्रलच्या खटक्यात टाका. आता केबलचं मोकळं टोक दोन बोटांत धरून हलकेच आत ढकला, जिथे अडेल तिथे तार आऊटरमधून कुठपर्यंत बाहेर आहे ती खूण करा. मग हलकेच बाहेर ओढा, अडेल तिथे दुसरी खूण. मधला जो मोकळा खेळ आहे तो केबल आणि बॉक्सची झीज. नव्या केबलला पण थोडा असतो, जुनीला जास्त. टोक या दोन खुणांच्या मधोमध ठेवा. बहुतेक जण इथेच चुकतात, टोक एका बाजूला ढकललेलं असतानाच जॉईंट पिनवर चढवतात, आणि मग तो सगळा खेळ एकाच गिअरच्या वाट्याला येतो.

टोक मधोमध धरून जॉईंटचं भोक पिनसमोर येतंय का बघा. येत नसेल तर चेकनट सैल करून जॉईंट फिरवा. एका पूर्ण फेऱ्याला जेमतेम ०.८ मिलीमीटर सरकतं, म्हणून अर्धा-अर्धा फेरा करत जा. भोक पिनवर स्वतःच्या वजनाने पडलं पाहिजे, ओढून किंवा ढकलून बसवावं लागलं तर अजून जुळलेलं नाही.

इथे एक गोष्ट जीवावरची आहे म्हणून वेगळी सांगतो. जॉईंट केबलच्या आट्यांवर कमीत कमी ८ मिलीमीटर आत गेलेला असलाच पाहिजे. यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे धोक्याच्या सूचनेत लिहिलंय. ०.८ ने हिशोब केला तर दहा फेरे. मी काय करतो, जॉईंट पूर्ण काढतो आणि परत बसवताना मोठ्याने मोजत बसवतो, पुतण्या पण मोजतो. दहाच्या आत पिनशी जुळत असेल तर जॉईंट टोकावर लटकतोय, भर समुद्रात निघून येईल. अशा वेळी केबलची लांबी चुकीची आहे किंवा आऊटर त्याच्या क्लॅम्पच्या खाचेत नीट बसलेला नाही, ते शोधा.

जॉईंट जुळला की पिनला ग्रीस, जॉईंट, वॉशर, नवी स्प्लिट पिन, टोकं नीट वाकवून. चेकनट जॉईंटवर आवळा, आवळताना जॉईंट फिरू देऊ नका. आऊटरचा क्लॅम्प घट्ट आहे ना बघा, तो सैल असला की केबल लिव्हरला ढकलायच्या ऐवजी स्वतःच मागे सरकते, आणि आपण उगीच जॉईंट फिरवत बसतो.

मग तपासणी. पुतण्या परत पंख्याकडे, मी कंट्रोलपाशी. दांडा फॉरवर्डला टाका. यामाहाच्या बॉक्समध्ये न्यूट्रलपासून साधारण ३५ अंशांवर खटका लागतो, तिथपर्यंत फक्त गिअर, त्याच्या पुढे थ्रॉटल उघडायला सुरुवात. त्या खटक्यावर लिव्हर तुमच्या फॉरवर्डच्या खुणेला पूर्ण लागला पाहिजे, आणि थ्रॉटल तोपर्यंत हललेलं नको. थ्रॉटल आधी उघडत असेल तर गिअर पडताना मशीन रेस होतं आणि दात कापले जातात, मग थ्रॉटलची केबल पण बघावी लागेल. तसंच रिव्हर्सला, परत न्यूट्रलला, असं पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी न्यूट्रलला पंखा मोकळा फिरलाच पाहिजे.

फॉरवर्ड खुणेला पोचतो पण रिव्हर्स थोडा राहतो असं झालं तर विचार करून फिरवा. तुमच्या मशीनमध्ये रिव्हर्स टाकताना केबल लिव्हरला ढकलते की ओढते ते आधी बघा. ढकलत असेल तर जॉईंट बाहेर काढून केबल लांब करायची, ओढत असेल तर आत घेऊन आखूड. अर्धा फेरा करायचा आणि तिन्ही खुणा परत तपासायच्या, तिन्ही, फक्त रिव्हर्स नाही. आणि फॉरवर्ड, रिव्हर्स दोन्हीकडे खुणेच्या अलीकडेच राहतंय असं असेल तर फिरवणं थांबवा. मधोमध आहे आणि तरी दोन्हीकडे कमी, म्हणजे खेळच एवढा वाढलाय की केबलचा हात पोचत नाही. केबल बदला, आणि बॉक्समधली पण झीज बघून घ्या.

झाल्यावर एक तपासणी लोक विसरतात. दांडा न्यूट्रलला ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा आणि मशीन टिल्ट करून परत खाली घ्या, आणि लिव्हर खुणेवरून हलतो का बघा. केबल कुठे आखडलेली असेल, बाकीच्या वायरींबरोबर करकचून बांधलेली असेल, तर स्टिअरिंग वळवल्यावर ती स्वतःच लिव्हरला ढकलते. धक्क्याला लागताना स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असतं आणि न्यूट्रलमध्ये बोट हळूच पुढे सरकते, लोक म्हणतात पाण्याला करंट आहे. पट्टे सोडून केबलला मोकळं वळण द्या.

मशीन चालू करून बघायचं ते पाण्यातच. पाण्याच्या पिंपात फक्त स्टार्ट करून बघता येतं, पंखा लावलेला असताना पिंपात गिअर टाकायचा नाही. बोट पाण्यात, पुढून-मागून दोरांनी पक्की बांधलेली, आयडलवर, एक माणूस मागे बघायला पण पंख्यापासून लांब. आणि गिअर टाकायचा तो झटक्यात. आपल्याला वाटतं हळूवार टाकला तर मशीनला बरं, पण इथे उलटं आहे, हळू नेलात की फिरणाऱ्या गिअरवर डॉगची टोकं करकरत राहतात. आयडलला यायचं, क्षणभर थांबायचं, आणि एका हाताने ठाम खटकन. एकच ठोका ऐकू आला पाहिजे, करकर नको. गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरत नाही ना ते पण बघून घ्या, न्यूट्रलमध्येच स्टार्ट व्हायला हवं, गिअरमध्ये स्टार्ट होणारी बोट उभ्या माणसाला पाण्यात पाडते.

मग मोकळ्या, शांत पाण्यात एकट्याने फेरी. पर्यटक नाहीत, घरचे नाहीत, लाइफ जॅकेट घालून, वल्हं आणि नांगर बोटीत. हळूहळू जोर वाढवत जा. केबल सगळ्या खुणांना बरोबर आणि तरीही जोर आल्यावर फॉरवर्ड सुटतोय, तर आता खात्रीने सांगता येतं की डॉग गेलाय. केबल आणखी आवळून दाबून ठेवायचा मोह होईल, तो टाळा, सतत दाबाखाली ठेवलेला डॉग आणि त्याला सरकवणारे आतले भाग पण झिजतात आणि खर्च दुप्पट होतो. डॉग आणि तो ज्या गिअरमध्ये अडकतो तो गिअर, दोन्ही जोडीने बघायला सांगा, नवा डॉग गोल झालेल्या खाचेत घातला तर तो पण तसाच होणार.

सगळं ठीक असेल तर बोटीच्या चार-पाच फेऱ्यांनंतर कव्हर एकदा उघडून तिन्ही खुणा आणि चेकनट बघा, नवी केबल असेल तर नक्कीच, ती सुरुवातीला थोडी बसते. आणि कव्हरच्या आतल्या बाजूला पेंट मार्करने तारीख आणि जॉईंटचे फेरे लिहून ठेवा. माझ्या कव्हरमध्ये तारखेखाली "जॉईंट १३ फेरे, तिन्ही खुणा बरोबर" असं पुतण्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे.